डॉक्टरीणबाईंची माती

नाव अनेकांत आणि माणूस एककल्ली, हे त्याच्या बायकोनं, दीपानं, लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाहीर करून टाकलं होतं. एका गोष्टीला अनेक बाजू असतात हे ज्याच्या नावातच आहे, त्याला एकदा एक बाजू पटली की दुसरी दिसायचीच बंद होते. डॉ. अनेकांत चौगुलेचा दवाखाना कोल्हापुरात, राजारामपुरीत, घर त्याच्याच वरच्या मजल्यावर. गेले काही आठवडे हा गृहस्थ शेवटचा पेशंट गेला की तिथंच कॉम्प्युटर उघडून बसायचा आणि दातओठ खायचा. वर ताटं गार व्हायची. कारण एकच, नेटवरच्या ज्ञानकोशातलं डॉ. रत्नव्वा मगदूम यांचं पान.

हा ज्ञानकोश म्हणजे गावची चावडी. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं पुसावं. नियम दोनच. लिहिलेल्या गोष्टीला कुठंतरी छापून आलेला संदर्भ हवा, आणि तिथं पुसलेलं खरं तर काहीच पुसलं जात नाही, पानाच्या इतिहासात ते कायमचं पडून राहतं. पहिला नियम सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्याची कुणाला आठवणही नसते, आणि म्हणूनच माणसं तिथं इतकी निर्लज्जपणे वागतात.

रत्नव्वांचा दवाखाना शाहूवाडीच्या डोंगरात, मलकापूरला होता. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्या भागात भाताच्या खाचरात कुणाला साप चावला की त्याला उचलून आधी भगताकडं न्यायची रीत. तिथं मंत्र, अंगारा, लिंबाचा पाला, आणि हे सगळं उरकेपर्यंत बहुतेक वेळा माणूसही उरकलेला. आधीच्या डॉक्टरांनी भगतांना शिव्या घातल्या, भाषणं ठोकली, पोलिसांची भीती दाखवली. पेशंट भगताकडंच जात राहिले. डॉक्टरीणबाई मात्र एक दिवस उठून धोंडुबाई भगतिणीच्या दारात जाऊन बसल्या, तिच्या हातचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "मंत्र म्हण बाई, माझं काय म्हणणं न्हाय. पर गाडीत बसून म्हण."

एवढंच. पण त्या एका वाक्यात धोंडुबाईचा मान राहिला आणि पेशंटचा जीव राहिला. साप चावला की स्टँडवरच्या हंबीररावची भाड्याची जीप भगतिणीच्या दारात यायची. मागच्या बाकावर पेशंट आडवा, त्याचं डोकं धोंडुबाईच्या मांडीवर, आणि घाटातली वळणं संपेपर्यंत तिचा मंत्र चालू. मंत्र संपायला आणि जीप दवाखान्याच्या दारात थांबायला एकच गाठ पडायची. बाई इंजेक्शन काढून उभ्याच असायच्या. पेशंट वाचला की धोंडुबाई म्हणायची माझ्या मंत्रानं वाचला, आणि बाई म्हणायच्या, व्हय की. अनेकांत नवा डॉक्टर झाला तेव्हा दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. कॉलेजात आपण नुसते पास झालो, डॉक्टर मलकापुरात झालो, असं तो अजूनही सांगतो.

ज्ञानकोशात बाईंच्या नावावर दोन ओळी होत्या, त्यातलीही एक चुकीची. अनेकांतनं पदरचा वेळ घालून पान नीट केलं. आरोग्य खात्याच्या एका जुन्या पुस्तिकेत गाडीतल्या मंत्राची हकिकत छापून आली होती, तिचा संदर्भ दिला. बाईंचा फोटो लावला. मग एका वर्तमानपत्रानं ते वाचून मोठा लेख केला, त्यासाठी वार्ताहर धोंडुबाईला भेटून आला, लेख मोबाइल-मोबाइलवर फिरला, आणि नगरसेवक विजयसिंहांनी एका चौकाला बाईंचं नाव द्यायचं जाहीर करून टाकलं.

"डॉक्टर, दगड आणलाय काळा, एक नंबर," विजयसिंह फोनवर म्हणाले. "मजकूर नेटवर जो असंल तोच कोरायचा. आपल्याला भानगड नको. अमावास्या झाली की कारागीर हात घालतोय."

झालं. गुळाला मुंगळे लागले.

'कोल्हापूर जिल्ह्यातील डॉक्टर' हे पानावरचे पहिले शब्द सकाळी 'जैन समाजातील थोर डॉक्टर' झाले आणि संध्याकाळी 'लिंगायत समाजातील आद्य डॉक्टर'. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलट. बाईंच्या फोटोतल्या मोकळ्या कपाळावर कुणीतरी कॉम्प्युटरनं विभूतीचे पट्टे ओढले. दुसऱ्यानं ते खोडले, तर त्याबरोबर अर्धी भुवईही गेली. जन्मभर ज्या बाईनं आरशात बघायला वेळ काढला नाही, तिचं तोंड ही माणसं भिंतीसारखं रंगवत होती. आणि या सगळ्या धुमाळीत जीप, घाट, मंत्र, वाचलेली माणसं हा मजकूर आक्रसत आक्रसत एका वाक्यावर आला. शेवटी तेही एकानं उडवलं. कारण लिहिलं होतं, 'भगतिणीचा उल्लेख समाजाला शोभत नाही.' अनेकांतनं ते वाचलं आणि उठून बेसिनपाशी जाऊन खरोखर थुंकला.

मगदूम आडनावानं तर सगळ्यांची सोयच केली होती. या जिल्ह्यात मगदूम जैनही असतात, लिंगायतही असतात, मराठाही असतात. खरी गोष्ट अशी, की बाईंचे वडील जैन आणि आई लिंगायत. दोघांनी लग्न केलं त्या दिवशी दोन्ही घरांची दारं बंद झाली आणि पुन्हा उघडली नाहीत. बाईंना कुणी जात विचारली तर त्या दंड पुढं करून म्हणायच्या, "रगत काढून घे. तपास, आन तूच सांग मला."

लिंगायतांच्या बाजूनं लढत होते गडहिंग्लजचे निवृत्त प्राध्यापक सोमशेखर. त्यांचं एक बरं, ते स्वतःच्या नावानं लिहायचे. त्यांचा पहिला पुरावा होता रत्नव्वा या नावातला कानडी 'अव्वा', आणि दुसरा पुरावा वर्तमानपत्रातल्या लेखातलं धोंडुबाईचं वाक्य. ती वार्ताहराला म्हणाली होती, 'बाईंच्या मातीला मी हुतो की.' सोमशेखरांनी यावर पानात लिहिलं, 'माती देण्यात आली, म्हणजे लिंगायत रीतीने दफन झाले. यावरून त्यांचा लिंगायत धर्म सिद्ध होतो.'

आता कोल्हापुरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की इथं माणूस जाळा नाहीतर पुरा, त्याच्या अंत्ययात्रेला जाणं म्हणजे मातीला जाणंच. 'मातीला गेलतो', 'माती किती वाजता हाय', असंच इथं बोलतात. अनेकांतनं प्राध्यापकांना फोन लावला.

"सर, तुम्ही गडहिंग्लजचे. माती म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही?"

"मला हाय की हो," सोमशेखर मोकळेपणानं हसले. "पर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कुठं हाय?"

इतकी वर्षं मुलांना शिकवलेला माणूस हे बोलला. अनेकांतनं फोन ठेवला आणि सॅनिटायझरनं हात चोळले. फोनवर बोलल्यानं हाताला काही लागत नाही, हे डॉक्टर असल्यानं त्याला माहीत होतं, तरी चोळले.

दुसऱ्या बाजूचा गडी मात्र बिननावाचा होता. रोज यायचा, 'जैन समाजभूषण' लिहायचा आणि पसार व्हायचा. त्याच्या मजकुरात स्वल्पविराम नसायचे, वाक्यं आगगाडीच्या डब्यांसारखी एकाला एक जोडलेली. अनेकांतला त्याचा जास्त राग यायचा. आपल्याच जैन समाजातलं कुणीतरी आहे, आणि नाव सांगायची हिंमत नाही.

या सगळ्या भांडणावर देखरेख करायला ज्ञानकोशानं नेमलेली एक मुलगी होती, बेळगावची विद्याश्री. पगार नाही, काही नाही, आपली हौस. तिनं पानाच्या चर्चेत विचारलं, "अंत्यसंस्कार नक्की कसे झाले? कुणाला ठाऊक आहे का?" तेव्हा अनेकांतनं तो दिवस पहिल्यांदा कुणापुढं तरी मांडला. आपल्या वडिलांचं नाव तेवढं गाळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, बाईंनी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात दुपारी प्राण सोडला होता. जवळ अनेकांत एकटा. त्यानं पहिला फोन केला घरी, अण्णांना. अण्णा म्हणजे त्याचे वडील बापूसो, त्या वेळी समाजाचे सेक्रेटरी. कोल्हापुरात माणूस गेला की गल्लीच्या, तालमीच्या, समाजाच्या फळ्यावर खडूनं त्याचं नाव आणि मातीची वेळ लिहितात. फळा वाचून माणसं येतात. फळ्यावर नाव नाही तर खांद्याला माणूस नाही.

"अण्णा, फळ्यावर बाईंचं नाव लिहायला सांगा."

"तिची आई कोण व्हती, म्हायीत हाय न्हवं तुला?" बापूसो म्हणाले होते. "आपल्यात बसत न्हाय त्ये. उद्या मला इचारतील."

मग त्यानं बाईंच्या आजोळी फोन केला. तिकडच्या माणसानं नाव ऐकलं आणि काही न बोलता फोन कापला. शेवटी मलकापूरच्या स्टँडवरच्या पानपट्टीत फोन करून निरोप ठेवला, तेव्हा हंबीररावनं जीप काढली आणि धोंडुबाईला घेऊन संध्याकाळी पंचगंगेच्या स्मशानात पोचला. तिथं कुणाला जात विचारत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत, हे या गावाचं मोठेपण. शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचून झाल्या. तिथल्या माणसानं विचारलं, "अग्नी कोण देणार? घरचं कोण हाय?"

अनेकांत घुटमळला. तेवढ्यात धोंडुबाई पदर खोचून पुढं झाली. "कोण देणार म्हंजे? मी हाय की." तिनं अग्नी दिला, आणि चिता पेटेपर्यंत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत उभी राहिली. तोच मंत्र होता. इलाज संपल्यावर म्हणायचा दुसरा मंत्र तिला येतच नव्हता.

एका डॉक्टर बाईच्या मातीला तीन माणसं. एक पोरगेला डॉक्टर, एक जीपवाला आणि एक भगतीण.

विद्याश्रीनं खाली लिहिलं, "सर, सगळं वाचलं. माझा विश्वास आहे. पण तुमची आठवण हा संदर्भ होत नाही. कुठंही छापून आलेलं असलं तर एक ओळ तरी द्या. 'धोंडुबाई यांनी अग्नी दिला', एवढी एक ओळ राहिली तरी बाकीची भांडणं आपोआप मिटतील."

तिचं म्हणणं बरोबरच होतं. ती ओळ पानावर राहिली असती तर दगडावर गेली असती, आणि दगडावर गेली असती तर बाईंना आमची म्हणायला दोन्हीकडच्या कुणालाच तोंड उरलं नसतं. अनेकांतला तेवढंच हवं होतं. पण असं काही कुणी छापत नाही. कुणी अग्नी दिला ते छापायचं, तर कुणी दिला नाही तेही सांगावं लागतं.

अमावास्या दोन दिवसांवर आली. संध्याकाळी दवाखाना रिकामा होता. अनेकांतनं पान उघडलं तर बिननावाचा गडी नुकताच येऊन गेलेला. पहिला परिच्छेद नवाकोरा होता. अनेकांत वाचत गेला.

'डॉक्टर रत्नव्वा मगदूम या जैन समाजाच्या भूषण होत्या फुलस्टॉप त्यांच्या मातीला अवघा समाज लोटला होता फुलस्टॉप आरं फुलस्टॉप दे म्हणलं लिव म्हणलं न्हाय दीपा चहात साखर नको गं शुगर वाढलीया.'

त्यानं ते दोनदा वाचलं. वरच्या मजल्यावरून कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

वडिलांना टॅब्लेट त्यानंच आणून दिला होता, प्रवचनं ऐकायला. हात थरथरतो म्हणून माइकचं चित्र दाबून बोललं की आपोआप लिहिलं जातं, हेही त्यानंच शिकवलं होतं. माइक बंद करायला मात्र बापूसो नेहमी विसरायचे. अनेकांतला आधी हसू यायला हवं होतं, पण आली ती किळस. इतके दिवस ज्याला आपण बिननावाचा भेकड म्हणत होतो तो डोक्यावरच बसलेला होता, आपल्याच घरातला चहा पीत.

तो जिना चढून वर गेला. बापूसो आरामखुर्चीत, मांडीवर टॅब्लेट. शेजारच्या टीपॉयवर छापखान्यातून आलेला गठ्ठा सोडून ठेवला होता, समाजाची स्मरणिका. अनेकांतनं वरची प्रत उचलली. बाईंचा फोटो, अर्ध्या भुवईचा. खाली तेच वाक्य, अवघा समाज लोटला होता. म्हणजे संदर्भाचीही सोय झाली होती. खोटं आधी स्मरणिकेत छापायचं, स्मरणिका पानाला संदर्भ म्हणून जोडायची, आणि पान दगडावर कोरायचं. तीन पायांचं स्टूल, एकही पाय जमिनीला लागलेला नाही, तरी उभं.

"अण्णा, चहा गोड लागला का?"

"न्हाय की. साखर न्हाय घातली तिनं," बापूसो म्हणाले, आणि त्यांची नजर पोराच्या हातातल्या स्मरणिकेवर गेली.

"अवघा समाज लोटला होता?"

"आसं लिवायची पद्धत आस्ती रं."

"मी होतो तिथं. मी, हंबीरराव आणि धोंडुबाई. समाज कुठल्या बाजूनं लोटला होता, पंचगंगेतनं?"

"वरडू नगंस. खाली लोकं हायत."

"खाली कोणी नाही. लोकांचीच भीती आयुष्यभर तुम्हाला." अनेकांतनं स्मरणिका गठ्ठ्यावर आपटली. "तुम्ही नाही म्हणालात, ते छापा असं मी म्हणत नाही. एक ओळ छापा. धोंडुबाईनं अग्नी दिला. चिठ्ठी चिकटवा हवं तर प्रत्येक प्रतीत. मी बसून चिकटवतो."

"त्ये जमणार न्हाय."

"का?"

बापूसोंनी टॅब्लेट मांडीवर नीट केला, पालथा केला, पुन्हा उलटला. मग एकदम बोलायला लागले, ते थांबेचनात.

"का म्हंजे? आग भगतिणीनं दिली म्हणलं की समाज कुठं हुता, आसं इचारणार. फळ्यावर नाव का न्हाय लिवलं, आसं इचारणार. मीच लिवू दिलं न्हाय की रं. खडू हातात घिऊन पोरगं हुबं हुतं, मी न्हाय म्हणलं. ट्रस्टींनी इचारलंबी नव्हतं मला. मीच भ्यालो. आता समाजाचा चौक माझ्यापायी गेला म्हणतील. तोंडावर थुकतील. आन मी ऱ्हायलोय किती? माझ्या मातीला कोण येणार, सांग की. कुत्रं तरी येईल का?"

म्हातारा रडत नव्हता. हिशेब मांडावा तसं बोलत होता. बाई मेल्या तेव्हाही तो स्वतःच्याच मातीचा विचार करत होता आणि आजही तोच करत होता. अनेकांतला त्याची दया यायला हवी होती, बाप होता. आली नाही. अंगावर पाल पडल्यासारखं झालं तेवढं.

"काळजी करू नका," तो म्हणाला. बोलता बोलता त्याची शहरी भाषा गळून पडली. "धोंडुबाई जित्ती हाय अजून. तिला सांगून ठेवतो. ती कुणाची जात इचारत न्हाय."

बापूसोंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "येईल ती?"

अनेकांतनं खाली बघितलं. टॅब्लेटवर माइकचं चित्र लाल होतं. बाईंच्या पानाच्या उघड्या राहिलेल्या लिहायच्या चौकटीत, समाजभूषणच्या खाली, अक्षरं उमटून थांबली होती.

'मीच लिवू दिलं न्हाय की रं खडू हातात घिऊन पोरगं हुबं हुतं मी न्हाय म्हणलं ट्रस्टींनी इचारलंबी नव्हतं मला मीच भ्यालो'

आणि त्याच्या खाली सगळं, कुत्र्यासकट, अगदी शेवटच्या दोन शब्दांपर्यंत.

त्यानं टॅब्लेट वडिलांच्या मांडीवरून उचलला. हे जतन केलं तर विद्याश्री सकाळी काढून टाकणार, संदर्भ नाही म्हणून, आणि तिनं काढायलाच हवं. पण पानाच्या इतिहासात ते राहणार. ओल्या फडक्यानं पुसता यायला तो काही समाजाचा फळा नव्हता. खाली ज्ञानकोशाचा नेहमीचा प्रश्न होता, कोणता बदल केलात. अनेकांतनं लिहिलं, 'मातीला कोण होतं ते'. आणि स्क्रीन वडिलांसमोर धरली.

"बघून घ्या. जतन करतोय."

बापूसोंनी बघितलंच नाही. त्यांनी पोराचं मनगट धरलं. अडवायला नव्हे, त्या पकडीत तेवढं बळही नव्हतं. अनेकांतचं बोट बटणावर टेकलं तरी ते त्याच्या तोंडाकडंच बघत होते.

"त्ये ऱ्हाऊ दे रं," ते म्हणाले. "ती येईल का, त्ये सांग की आधी."